मोहाच्या झाडापाशी तारेचं वळण

पांढरकवड्याकडून वणीच्या दिशेनं जाणारी तार आमच्या गावच्या शिवारापर्यंत ओळंब्यात धरल्यासारखी सरळ येते. तिथे एका शेताच्या बांधाशी ती उजवीकडे झुकते, थोडी चालते आणि पुन्हा आपल्या रस्त्याला लागते. त्या वळणाच्या पोटात काहीच नाही. विहीर नाही, घर नाही, खडक नाही. माझ्यानंतर तारेच्या त्या तुकड्यावर जो जो लाईनमन आला, त्यानं मला विचारलंच, "कोण्या आंधळ्यानं टाकली बाप्पा ही लाईन?" मी म्हणायचो, डोळसानंच टाकली, तुला दिसत नाही त्याला मी काय करू. पुढचं सांगत नसे. आता सांगतो.

छप्पनच्या दसऱ्याला मी आणि माझा थोरला भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. बाप त्याच्या आधीच गेला होता. घरात माय, दादा, वहिनी आणि मी. परत आल्यावर दादानं कोनाड्यातले देव एका टोपल्यात भरले आणि नाल्याच्या डोहात सोडले. टोपल्याचा एक कान माझ्या हातात होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या देवांच्या देवळाची पायरी आम्हाला कधी चढू दिली नाही, ते गेले तेव्हा मला उलट हलकं वाटलं. मायनंही टोपलं मुकाट्यानं दिलं.

एक गोष्ट मात्र टोपल्यात मावणारी नव्हती. नाल्याकाठी आमची काळ्या मातीची एक चिंचोळी पट्टी होती, तिच्या बांधावर मोहाचं झाड होतं. त्या झाडाच्या बुडाशी माझी धाकटी बहीण पुरलेली होती. गोवरानं गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि बापानं तिला घरच्या बांधावर पुरली. मी तेव्हा एवढा मोठा होतो की खड्ड्यात दगड सारायला मलाही लावलं होतं. मायनं खोडात हाताच्या उंचीवर एक जाड खिळा ठोकून घेतला होता. दरसाल अखजीला, घरोघरी मेलेल्यांना जेवू घालतात त्या दिवशी, माय तिथे जायची आणि खिळ्याला दोन हिरव्या बांगड्या अडकवायची. लेकराच्या हाताच्या मापाच्या. वाऱ्यानं वाजून वाजून फुटल्या की पुढच्या अखजीला दुसऱ्या.

दीक्षेनंतरच्या पहिल्या अखजीला दादानं तिला वाटेत थांबवलं.

"माय, झाडाले पुजायचं नाही आता. आपण शपथ घेतली."

"मी कुठी पुजून राह्यली? पोरीले बांगड्या देऊन येतो."

"तेच ते झालं."

माय त्या दिवशी परत फिरली. दुसऱ्या दिवशी सरपण आणायच्या निमित्तानं गेली आणि बांगड्या अडकवून आली. भाव पडला की बाजारातून उठायचं आणि पुढच्या बाजाराला बसायचं, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

त्याच वर्षी तार खात्याची टोळी आमच्या भागात आली. गावाबाहेर त्यांचे तंबू लागले. मी त्यांना सरपण विकायला गेलो. टोळीचा मिस्त्री यवतमाळचा मुसलमान होता, पिकल्या दाढीचा, सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं मोळीला हात न लावताच निम्मा भाव सांगितला. मी मोळी पुन्हा डोक्यावर घेतली. त्यानं थोडा वाढवला. मी म्हणालो, आता मघाचाही भाव नाही, उन्हात उभं राहायचं वेगळं लागेल. चाचा हसू लागला.

"अबे, तोंड तं लय चालते तुहं. हात-पाय चालते का नुसतं तोंडच?"

"कायले पायजे हात-पाय?"

त्यानं तंबूजवळच्या लोखंडी खांबाकडे बोट केलं. मी मोळी टाकली आणि चढलो. वैशाखातलं लोखंड होतं, तळव्यांना फोड आले, पण मी वर जाऊन खाली पाहिलं आणि विचारलं, "आता सरपणाचं काय ते बोला." मोहाचं झाड चढून चढून मी वाढलो होतो. खांब तर सरळ असतो, त्याचं काय विशेष.

दुसऱ्या दिवसापासून मी टोळीत रोजंदारीवर लागलो. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, चिनी मातीचे पांढरे कप बसवायचे, तार ओढायची. टोळीत पाण्याचा माठ एकच होता आणि सगळे त्यातूनच प्यायचे. पहिल्या दिवशी मी सवयीनं ओंजळ पुढे केली. चाचानं गडवा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ओंजळीनं जनावरं पितेत." नोकरी कायम व्हावी, असं मला पगारासाठी वाटू लागलं असेल, पण त्या गडव्यासाठी जास्त वाटू लागलं.

लाईन टाकायची रीत अशी की आधी लाल-पांढऱ्या काठ्या रोवत जायचं. चाचा एक डोळा मिटून पहिल्या काठीमागे उभा राहायचा आणि हातानं डावी-उजवी सांगायचा. पुढच्या सगळ्या काठ्या पहिलीच्या आड लपल्या की लाईन सरळ. जिथे काठी, तिथे खांब. वळण चाचाला विषासारखं वाटायचं. वळणावरच्या खांबाला तार एका अंगानं ओढत असते, म्हणून दुसऱ्या अंगानं ताणाची जाड तार जमिनीत गाडावी लागते. काळ्या मातीत ती टिकत नाही. उन्हाळ्यात माती फाटते, पावसाळ्यात लोण्यासारखी होते, आणि खांब म्हाताऱ्यासारखा वाकतो.

काठ्या आमच्या शिवारात शिरल्या तेव्हा मी पुढे काठी घेऊन चालत होतो. चाचा मागून हात हलवत होता. थोडं डावीकडे, अजून थोडं, बस. मी काठी रोवली आणि खाली पाहिलं. मी मोहाच्या बुडाशी उभा होतो. जे दगड मी लहानपणी सारले होते, त्यांच्यावर.

मी काठी उपटली आणि चाचाकडे चालत गेलो.

"चाचा, इथं खांब येत नाही."

"काहून? तुह्या बापाची जागा हाये का?"

"हो. बापाचीच हाये."

"झाडाचं लागते ते भरून देईन सरकार. बोल साहेबापाशी."

"झाडाचं नाही." मग मी त्याला बहिणीचं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मला हळू बोलायला आजही जमत नाही, आणि त्या वेळी हळू बोललो असतो तर रडलो असतो.

चाचा खाली बसला. विडी काढली, पण पेटवली नाही.

"किती साल झाले?"

"नऊ-दहा."

"काय राह्यलं असन रे तिथं आता?"

"माही माय येते तिथं."

त्यानं मागच्या काठ्यांच्या ओळीकडे पाहिलं. "वळण घेतलं तं साहेब मले विचारीन. काळी माती, नाला जवळ. दर पावसाळ्यात खांब झुकीन. कोण पाहीन मंग?"

"मी पाहीन. दुप्पट खोल खणतो. नाल्यापलीकडचा मुरूम माह्या बैलबंडीनं आणून भरतो. झुकला तं मी येऊन सरळ करीन, टोळीले बोलावणार नाही."

"आणि साहेबाले काय सांगू?"

"सांगा, नाल्याचं पाणी इथवर येते."

"येते का?"

"येते. एखाद्या साली."

चाचा हसला नाही. तो माझ्याइतकाच पक्का होता. "तुले एक सांगतो. झरीच्या अंगाचा रानातला तुकडा हाये. हिवतापानं तिथं कोणी टिकत नाही. साहेब माह्या मागं लागला हाये, माणूस दे म्हणून. तू तिथं जाशीन तं तुहं नाव कायम करायले मी लावतो, अन् वळणबी देतो. पण जायचं. तीन पावसाळे काढायचे, मधी पळून यायचं नाही."

मी थोडा वेळ अडून पाहिलं. त्यानं उठून काठी पुन्हा मोहापाशी रोवायला सुरुवात केली. मी हो म्हणालो. आयुष्यात इतक्या लवकर मी कुठल्याच सौद्याला हो म्हटलेलं नाही.

वळणाचे खांब मी स्वतः उभे केले. मुरूम भरून सब्बलीनं इतका ठोकला की हाताची सालं निघाली. तार ओढली त्या दिवशी माय भाकर घेऊन आली. सरळ येणारी तार झाडाला टाळून बाजूनं गेली होती. ती मान वर करून पाहत राहिली.

"सरकारची तार वाकवली रे तू?"

"वाकवली."

"काय दिलं त्याईले?"

"काही नाही. असंच बोललो."

"असंच कोणी वाकत नाही," ती म्हणाली. तिला फसवणं अवघडच होतं.

दादाही आला होता. त्यानं खांबाला हात लावून पाहिला, झाडाकडे पाहिलं आणि बैल घेऊन निघून गेला. सौद्यात मी आणि चाचा, दोघंच होतो. तिसऱ्याला विचारायचं मला सुचलं नाही. बहीण त्याचीही होती, म्हणून विचारायची गरज वाटली नाही. माझ्यासारख्या पक्क्या माणसानं हे कसं मोकळं सोडलं, ते माझं मलाच कळत नाही.

झरीकडचं रान सागाचं. वारा सुटला की फांदी तारेवर, वांदर उड्या मारायचे ते तारेवरच. पावसाळाभर तार तुटलेली आणि मी तिच्यामागे चालतोय. बरोबर शिडी, पक्कड, पट्टा आणि तारेला जोडून बोलायचा फोन. कोलामांच्या पोडावर, त्यांच्या रानातल्या वस्तीवर राहायचो. एका म्हाताऱ्या कोलामानं मला दोनदा हिवतापातून उठवलं. कायम झाल्याचं कळलं तेव्हा मी तापानं कुडकुडत गोधडीत पडलो होतो. हसू आलं. म्हटलं, ठीक आहे. तिकडे झाड उभं आहे, इकडे मी पडलोय, हिशेब बरोबर.

रानातले ठरलेले पावसाळे काढून मी सुटी मागितली. एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि शेतातून चालत निघालो. तार बरोबरच होती. माझी सवय अशी की चालताना मान वर असते. खांबामागून खांब येत गेला, तार झुकली, आणि वळणाच्या आत नुसतं आभाळ होतं.

मी आधी समजलो, दुसऱ्याच तारेखाली आलोय. मग बांध ओळखला. बुडखा जमिनीलगत कापलेला होता. त्याच्याभोवती नांगर फिरला होता. दगड कुठेच नव्हते.

दादा घरापुढच्या खळ्यात होता. घराचं नवं छप्पर मी येतानाच पाहिलं होतं, उंच, नवी कौलं.

"झाड कुठी गेलं?"

"बस आधी. पाणी पी."

"झाड कुठी गेलं, दादा?"

"तोडलं." त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. "माय दर अखजीले जात होती. गावातले लोक हसत. म्हणत, देव डोहात टाकले अन् झाड ठेवलं. मी गावात भाषणं देऊन राह्यलो, अन् माह्याच घरची बाई झाडाले बांगड्या घालून राह्यली."

"ते झाड नव्हतं. पोरगी होती ते."

"पोरगी मेली. आपण तेच तं शिकलो का नाही, मेलं ते मेलं."

"अन् लाकूड? लाकूड तुह्या छपराले कसं चाललं? त्याले शपथ लागत नाही का?"

त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी सांगायला लागला, "त्याचं असं हाये का, मायनंच..." पण मी ऐकून घेतलं नाही. भिंतीशी कुऱ्हाड टेकलेली होती. मी ती उचलली. वहिनी किंचाळली. मी कोणाला मारणार नव्हतो. मी ती विहिरीत टाकली आणि म्हणालो, या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही. माय दारात उभी होती. ती रडत नव्हती. तिनं हाक मारली, "आत तं ये, बापू." मी गेलो नाही.

पुढे माझी बदली त्याच तुकड्यावर झाली. कबूल केल्याप्रमाणे दर पावसाळ्यात मी वळणाचे खांब तपासायला यायचो. टाळायचं काही राहिलं नव्हतं तरी ते सरळ ठेवायचो. चाचा एकदा बरोबर होता. त्यानं रिकामी जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विडी पेटवून पुढे चालू लागला. त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

शिडी खांबाला लागलेली दिसली की माय घरून निघायची. फडक्यात भाकर, कांदा, कधी मोहाची फुलं घालून केलेली पोळी. दुसऱ्यांच्या झाडाखालची फुलं आणायची आता. मी खांबावर असायचो तोवर ती खाली खांबाला कान लावून बसायची. वाऱ्यानं तार घुमते, तो आवाज खांबातून उतरतो.

"कोण बोलते रे याच्यात?"

"कोणी नाही, माय. हवा हाये."

"मले वाटलं, यवतमाळचे लोक बोलून राह्यले. कापसाच्या भावाचं."

"तू काय भाव लावते मंग?"

"मले कोण पुसते?" ती हसायची. मग जायच्या वेळी ठरलेलं बोलणं निघायचं.

"घरी चाल."

"नाही."

"एक डाव ये. उंबऱ्याच्या आत ये, अन् वर पाह्य. बस. मंग जाय."

"काय हाये वर?"

"ये, मंग दिसन."

"इथंच सांग नं."

"इथं नाही सांगत. घरात सांगन."

मी ओळखून होतो. दोन भावांना एका छताखाली आणायचा तिचा डाव होता. काहीतरी हातात लपवून गिऱ्हाईक दुकानात ओढायचं, तसा. मी तिचाच मुलगा. म्हणायचो, दादा येऊन इथे, या जागेवर उभा राहून चुकलं म्हणेल, तेव्हा येईन. ती निरोप न्यायची. दादाचं उत्तर यायचं, मी चुकलोच नाही तर काय म्हणू. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मी भाव सोडला नाही. तिनंही सोडला नाही. वर्षं अशी गेली, आणि दर खेपेला तिला त्या खांबापर्यंत यायला जास्त वेळ लागू लागला.

एका भर दुपारी मी पांढरकवड्याच्या बाजूला तारेवर होतो. गावचा एक माणूस सायकल हाणत आला आणि खालूनच म्हणाला, "उतर. म्हातारीची बोलती बंद झाली."

उंबऱ्याशी माझा पाय अडला, हे खरं आहे. मग मी आत गेलो.

माय माजघरात खाटेवर होती. तिनं मला ओळखलं असावं, कारण बोटं हलली. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. डोळे वर लागले होते. मला वाटलं, रागावली आहे. इतकी वर्षं बोलावलं आणि आता आला, म्हणून तोंड फिरवते आहे. मी खाटेच्या दांडीवर बसलो, तिचा हात धरला. आणि ती पाहत होती तिकडे मी पाहिलं.

बरोबर तिच्या डोक्यावर मोहाचं आडं होतं, छपराचं मधलं लाकूड. बाकीची लाकडं तासून चौकोनी केली होती. हे एकच तसंच सोडलं होतं, सालीसकट. मधोमध तो खिळा. खोड वाढता वाढता लाकडानं तो अर्धा गिळला होता. खिळ्याला दोन हिरव्या बांगड्या.

दादा भिंतीशी उभा होता.

"तिनंच कबूल करून घेतलं होतं," तो म्हणाला. "म्हणे, तोडायचं असन तं तोड. पण हा तुकडा माह्या खाटेवर पायजे. खिळ्याले हात लावायचा नाही. गावाले बाहेर काही दिसू नये, अन् मले आत दिसावं. अन् मी हो म्हटलं."

"आणि दगड?"

"तेबी आणले. खाटेखाली, जमिनीत."

मी खाटेखाली पाहिलं नाही. "मले काहून नाही सांगतलं?"

"मी सांगत होतो त्या दिवशी. तू कुऱ्हाड उचलली. मंग मायनं म्हटलं, तुम्ही कोणी नका सांगू. तो आत यीन तवा मी दाखवीन."

"खांबापाशी सांगता आलं असतं तिले."

"सांगतलं असतं तं तू आला असता का?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. आजही देत नाही. आलो असतो. आलो असतोच.

माय संध्याकाळच्या आत गेली. मी वर पाहिल्यावर तिची बोटं माझ्या हातात सैल झाली, एवढं मला कळलं.

दादाशी माझं पुन्हा जुळलं नाही. लोक म्हणतात, आता काय राहिलं, सगळं तर कळलं. कळलं म्हणूनच जुळत नाही. त्यानं मला त्या दिवशी धरून, मारून, ओढत आत न्यायला हवं होतं. थोरला होता. त्याच्या अंगात तेवढी ताकद होती. माझ्या शब्दाला तो घाबरला कशाला, हाच माझा राग आहे, आणि तो मी कोणाला विकणार नाही.

मायचे दिवस झाल्यावर मी कामावर परत गेलो. वाटेत वळणाचे खांब लागले. पाऊस नुकताच झाला होता आणि मधला खांब किंचित झुकला होता. शिडी लावली नाही. ताणाच्या तारेशी बसून तिचा पीळ आवळत राहिलो, खांब सरळ होईपर्यंत. मग खांबाला कान लावला. घुमत होता. मी कान काढून घेतला आणि घराकडच्या पायवाटेकडे पाहिलं, फडकं घेऊन कोणी येतं का म्हणून.